बापूचा उजवा डोळा

सोमवार, ३

लेक आज सकाळच्या गाडीने गेली. नोकरीचं प्रशिक्षण आहे, परगावी, चार आठवडे. जाताना सशाचा पिंजरा, गवताचं पोतं आणि दोन पानी सूचना माझ्या हवाली करून गेली. सूचना वाचून हसू आलं. अडतीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडरी केली, अर्ध्या गावाला ताप-जुलाबातून उठवलं, आणि माझी पोरगी मला लिहून देते, पाणी रोज बदलावे.

सशाचं नाव जावईबापू. ते हिने ठेवलं. ही म्हणजे माझी बायको. लेक लग्नाला तयार नव्हती, त्यावरून मायलेकींची रोज जुंपायची. हिच्या आजारपणात लेकीने सोबतीला म्हणून हा करडा गोळा आणून हिच्या पांघरुणावर ठेवला. ही म्हणाली, "घ्या, आला एकदाचा जावई." त्यानेही नावाला बट्टा लावला नाही. सगळं बसल्या जागी हवं, मनासारखं झालं नाही की पाय आपटायचे आणि पाठ फिरवून बसायचं. शेवटचे सात महिने तो हिच्या उशाशीच होता.

ही गेली आणि महिन्याभरात लेक वेगळी खोली घेऊन राहायला गेली, बापूला घेऊन. चौदा महिन्यांत चार वेळा आली असेल, तीही उभ्या उभ्या. का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आज दारात थांबून म्हणाली, "बाबा, आईचं म्हणून माझ्याकडे एवढंच उरलंय. काही वेगळं वाटलं तर सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. स्वतः काही देऊ नका. शब्द द्या."

दिला शब्द. तिने विश्वासाने काहीतरी माझ्या हातात ठेवलं, किती दिवसांनी! या वेळी तिला बोट ठेवायला जागा देणार नाही. परत येईल तेव्हा बापू जसाच्या तसा, उलट थोडा गुबगुबीत, तिच्या हातात देईन.

रोजची नोंद ठेवावी म्हणून ही वही काढली. वही जुनीच. पुढची पानं हिच्या आजारपणातल्या नोंदींनी भरलेली आहेत, त्यांना रबर लावून ठेवलंय. ती मी उघडत नाही. मागच्या बाजूने सुरुवात करतो.

गुरुवार, ६

जावईबापूंचं बस्तान बसलं. पहाटे पाच वाजता पिंजऱ्याची जाळी खडखडवून मला उठवतात. कोथिंबीर दिली की देठ खातात, पानं टाकतात. गाजर पहिल्या दिवशी आवडलं, दुसऱ्या दिवशी नाकाने ढकललं. कानामागे खाजवलं की दात बारीक कुटकुट वाजवतो. ही म्हणायची, दात वाजवले म्हणजे स्वारी खूश.

लेकीचा फोन रोज सातला येतो. "बापू कसा आहे?" "झकास." "बरं." आणि ठेवते. आज मात्र "तुम्ही जेवलात का?" असंही विचारलं. मी तिथेच दोन मिनिटं फोन हातात धरून बसलो.

जेवणानंतर छातीत जळजळलं. माझ्या हातच्या पुड्यांतली एक घेतली, थांबलं.

रविवार, ९

बापूचा उजवा डोळा अर्धा मिटलेला. पाणी येतंय, खालची लव ओली झाली आहे. गवताची काडी टोचली असणार, मान खुपसूनच खातो मेला. उकळून गार केलेल्या पाण्याने कापूस भिजवून पुसून काढला. त्याने मान मागे घेतली, एवढंच. ओरडला नाही, चावला नाही.

सातला फोन आला. झकास म्हणालो. पाणी तर येतंय, त्यात काय सांगायचं? ती तिथून धावत येणार थोडीच आहे. उगाच तिच्या जिवाला घोर.

सोमवार, १०

डोळा लाल झाला. खालच्या मजल्यावरच्या शिलाईबाई (कपडे शिवतात, म्हणून सगळे त्यांना असंच म्हणतात) वर आल्या होत्या. डोळा बघून म्हणाल्या, "अहो कंपाउंडर, चौकाच्या पलीकडे जनावरांचा दवाखाना आहे. वाट कसली बघताय?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही बटणं लावायची सोडून माझ्या धंद्यात कशाला नाक खुपसता? माणसांचे हजार डोळे बरे केलेत मी."

"तुम्ही की तुमच्या डॉक्टरांनी?" म्हणाल्या आणि खाली गेल्या. या बाईच्या जिभेला सुई लावलेली आहे.

फ्रिजच्या दारात हिच्या मोतीबिंदूच्या वेळचे थेंब निघाले. दोन बाटल्या आणल्या होत्या, दुसरी फोडलीच नव्हती. बाटलीवर माझी पट्टी: "डोळा. एक थेंब. दिवसातून चार." खाली चार खाचा कापलेल्या. आमच्या डॉक्टरसाहेबांचा नियम होता, रोग्याला औषधाचं नाव कळता कामा नये. कळलं की तो शेजारपाजारी वाटत सुटतो. म्हणून आलेल्या प्रत्येक बाटलीवरचा छापील कागद मी पाण्यात भिजवून सोलून काढायचो आणि माझी खाचांची पट्टी चिकटवायचो. एक खाच म्हणजे एक डोस, अडाण्यालाही कळायचं. ती सवय घरीही राहिली. आमच्या घरात नावाची एकही बाटली नाही, सगळ्या खाचांच्या.

शब्द दिला होता, हे आठवलं. पण शब्द पोटात द्यायच्या औषधाचा होता, असं मी धरतो. डोळ्यात थेंब टाकणं म्हणजे काही औषध देणं नव्हे. आज दुपारपासून चार वेळा सुरू केलं.

बुधवार, १२

दोन दिवसांत लाली पार गेली! डोळ्याचा पांढरा भाग धुतल्यासारखा स्वच्छ. हाताला अजून गुण आहे म्हणायचा. खाली जाऊन शिलाईबाईंना मुद्दाम सांगून आलो. त्या मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "बरं झालं."

बापूही शहाण्यासारखा वागतो. थेंब टाकताना हलत नाही. पहाटे जाळी वाजवणं बंद केलं, मला साडेसातपर्यंत झोप लागली. आणि दात वाजवतो, तेही चांगले जोरात. स्वयंपाकघरात मला ऐकू येतं. स्वारी खूश आहे.

शुक्रवार, १४

पिंजरा साफ करायचं काम निम्मं झालंय. पहिल्या आठवड्यात लेंड्यांनी ट्रे भरायचा, आज मोजून वीस-पंचवीस, त्याही मुगाएवढ्या. गवत कालचं बरंच उरलं. आता लाड संपले, बेताने खायला शिकला.

डोळ्यावर मधोमध दुधाच्या सायीसारखं काहीतरी धरलंय. जखम भरताना खपली धरतेच.

लेकीने आज व्हिडिओवर बोलायचं म्हटलं. मी बापूला मांडीवर घेतलं आणि डावी बाजू तिच्याकडे केली. खोटं काही बोललो नाही. फक्त डावी बाजू दाखवली. ती लाडात येऊन "जावईबापू, आईची आठवण येते का रे?" म्हणाली. तेवढ्यात त्याने दात वाजवले.

"तो आवाज कसला?"

"खुशीत आहे."

"एवढ्या जोरात?" तिने विचारलं. "बाबा, दुसरी बाजू दाखवा ना त्याची."

मी म्हटलं, दुधाचं भांडं उतू जातंय, आणि फोन ठेवला. गॅसवर भांडं नव्हतं. हे इथे लिहून ठेवतो, कारण ही वही कोणी वाचणार नाही.

आज दोन पुड्या लागल्या. पट्टा एक भोक आत घेतला. सशामागे धावून पोट उतरतंय, तेही बरंच.

रविवार, १६

शिलाईबाई उरलेली मुळ्याची पानं घेऊन आल्या. बापूकडे पाच मिनिटं टक लावून बघत बसल्या.

"हा हलत का नाही हो?"

"गुणी झालाय."

"माझा थोरला लहानपणी जिन्यावरून पडला होता. तीन दिवस असाच गुणी होता. न रडणं, न मागणं. चौथ्या दिवशी कळलं, हात मोडलाय." पानं जमिनीवर ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी तुम्ही नेता, की मी पिशवीत घालून नेऊ?"

बापूने पानांना तोंड लावलं नाही.

सोमवार, १७

नेला एकदाचा. दवाखान्यात एक कुत्रा, दोन मांजरं आणि मी. जनावरांची डॉक्टरीण माझ्या लेकीच्याच वयाची. केस वर बांधलेले, हातावर ओरखडेच ओरखडे. बापूला टॉवेलमध्ये गुंडाळून घेतलं, डोळ्यात कसल्याशा रंगाची पट्टी टेकवली आणि बॅटरीचा निळा उजेड मारला. बुबुळाचा अर्धा भाग हिरवागार चमकला.

"हिरवं दिसतंय तेवढी जखम आहे. खोल गेली आहे. किती दिवस झाले?"

"आठ."

"आठ दिवस?" तिने बापूच्या पोटावरून हात फिरवला. "खातोय का?"

"थोडं कमी. पण शांत आहे. दात वाजवतो, खूश असतो."

तिने मान वर केली. "काका, ससा खुशीत दात वाजवतो ते कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही. दुसऱ्या खोलीत ऐकू येतं ते दुखण्याचं. हे जनावर सहसा ओरडत नाही. दुखलं की ते गप्प बसतं."

मी बापूच्या टॉवेलचं टोक सारखं केलं.

"डोळ्यात काही घातलंत का? घरातलं, जुनं, कुणाचं उरलेलं? मुख्य म्हणजे स्टेरॉईडचं? त्याने लाली जाते, बघणाऱ्याला वाटतं बरं झालं, पण आतून जखम पोखरत जाते. शिवाय मी दुखण्यावर जे देणार आहे ते त्यावर चालत नाही, पोटात रक्तस्राव होतो."

अडतीस वर्षं मी खिडकीतून लोकांना विचारत आलो, आधी काय घेतलं ते खरं सांगा, डॉक्टरांपासून लपवू नका. लपवणाऱ्यांना मी चारचौघांत झापायचो.

"काही नाही घातलं," मी म्हणालो.

आणि खरं म्हणजे, ते स्टेरॉईड होतं की काय होतं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? बाटलीवर नाव नाही. तिने नवे थेंब दिले, दुखण्याचं औषध दिलं, सुईविना सिरिंज दिली, दर तीन तासांनी पातळ लापशी भरवायला सांगितलं.

बुधवार, १९

तिच्या थेंबांनी डोळा पुन्हा लाल झाला. माझे बंद केले आणि लगेच लाल. आता सांगा, कोणाचं औषध खरं? शिकलेली आहे, मान्य, पण हाताखालून किती गेलेत? वय काय, अनुभव काय!

तिचे सोडलेले नाहीत. पण माझेही परत सुरू केले, आलटून पालटून. लेक तीसला येणार. लाल डोळा तिला दाखवू शकत नाही मी.

पुड्या संपल्या होत्या. बसून तीस नव्या बांधल्या. माझ्या हातची पुडी आजही सुटत नाही.

शुक्रवार, २१

लाली गेली. शांत आहे.

भाकरीचा घास छातीत अडकला, पाण्याने उतरवला.

शनिवार, २२. दुपारी

सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं. डोळा आत बसला होता. गालावरची लव चिकट ओली, आणि बुबुळाच्या मधोमध भोक पडून त्यातून काळपट काहीतरी बाहेर आलेलं. बापू कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. ट्रेमध्ये एकही लेंडी नव्हती. मी "बापू" म्हणून हाक मारली, तर कान नुसता हलला.

पायांत दोन वेगळ्या चपला घालून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी बघितलं. मग म्हणाल्या, "डोळा फुटलाय. काढावा लागेल. पण पोट बंद पडलंय, अशा अवस्थेत त्याला भूल सोसणार नाही. आधी दोन दिवस सलाईन लावते." बापूला त्यांनी आत पाठवलं, परत आल्या, आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. "मी दिलेल्या थेंबांनी असं होत नाही, काका. रागावणार नाही. काय घातलं होतं?"

माझ्या खिशात ती बाटली होती. काढून टेबलावर ठेवली. त्यांनी फिरवून फिरवून बघितली. "नाव कुठे आहे?"

"मीच काढलं."

"का?"

 आमच्याकडे तशी पद्धत होती, म्हणालो. त्या म्हणाल्या, "मला नाव हवंय. आत्ता. काय द्यायचं आणि काय नाही ते त्यावर ठरणार आहे."

घरी आलो. हिचे सगळे कागद लेकीने एका फाईलमध्ये लावून ठेवलेले आहेत. चौदा महिन्यांत मी त्या फाईलला हात लावला नव्हता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची चिठ्ठी मधे सापडली. थेंबांचं नाव होतं. ते नाव मी दवाखान्याच्या कपाटात शेकडो वेळा पाहिलेलं आहे. स्टेरॉईडच.

चिठ्ठी घेऊन धावत परत गेलो आणि सांगितलं. दहा तारखेपासून रोज चार वेळा घातलं, तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो, आणि दोन दिवस थांबून परत सुरू केलं. समोर कुत्र्याला घेऊन बसलेली बाई ऐकत होती. ऐकू दे.

डॉक्टरीणबाई "बरं" एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन कुणाला तरी औषध बदलायला सांगितलं. त्या मला ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

रविवार, २३

फाईल काल तशीच उघडी राहिली होती. बंद करायला गेलो आणि मोठ्या इस्पितळाचा पहिला कागद समोर आला, हिला पहिल्यांदा नेलं त्या दिवसाचा. तिथल्या डॉक्टरांनी हिला विचारून लिहिलेलं: "पोटात दुखणे, आठ महिने. दोन महिन्यांपासून असह्य. घरगुती पुड्या चालू."

आठ महिने.

मी वहीच्या पुढच्या बाजूचा रबर काढला. माझंच अक्षर, सुबक, तारीखवार. "आज पुडी दोन वेळा. तक्रार नाही." "आज शांत. गुण आहे." "आज काही बोलली नाही. झोप लागली असावी. गुण आहे." इस्पितळात नेईपर्यंतचे साडेपाच महिने, रोज. शेवटच्या दोन महिन्यांत तर "शांत" हा शब्द प्रत्येक पानावर आहे. ज्या दिवसांना तिथे असह्य लिहिलंय, त्याच दिवसांना मी इथे गुण लिहिलंय.

वही उलटी करून मागची बाजू वाचली. बारा तारीख. चौदा. एकवीस. वाक्यसुद्धा बदललेलं नाही मी.

सातला लेकीचा फोन आला. "बापू कसा आहे?" मी म्हणालो, "बापूचा उजवा डोळा गेला. मी घालवला. आईचे थेंब घातले त्याच्या डोळ्यात. तुला दिलेला शब्द मोडला आणि पंधरा दिवस खोटं बोललो."

 ती म्हणाली, "मी निघते."

मंगळवार, २५

काल दुपारी डोळा काढला. भुलीतून उठला. आज सकाळी घरी पाठवला, घरच्या वासाने खाल्लं तर खाईल म्हणून. डोळ्याच्या जागी लव काढलेली, टाके घातलेली एक रेघ. मी उजवीकडून गेलो की दचकतो. डावीकडून गेलो की बघतो आणि मान वळवतो.

लेक अकरा वाजता आली. पिशवी दारातच टाकली आणि पिंजऱ्यासमोर फरशीवर बसली. त्याला बाहेर घेऊन मांडीवर ठेवलं. सिरिंजने लापशी भरवत राहिली, दोन थेंब आत, चार थेंब बाहेर.  मी वही तिच्या शेजारी ठेवली, दोन्ही बाजू वाच म्हणालो आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने तिने हाक मारली. वही मिटलेली होती.

"आई मला सांगायची," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती, बापूच्या कानावरून बोट फिरवत होती. "खूप दुखतं म्हणायची. मी म्हणायचे, बाबांना सांग. तर म्हणायची, नको ग, ते एवढ्या हौसेने पुड्या बांधतात, गुण नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. मला शपथ घातली होती."

मी तिच्याजवळ फरशीवर बसलो.

"तुमच्यावर राग होताच, बाबा. पण मीही गप्प बसले ना आठ महिने. तुमचं तोंड बघितलं की मला माझंच गप्प बसणं आठवायचं. म्हणून गेले मी."

 चौदा महिने मला वाटत होतं की पोरीला माझा कंटाळा आलाय. हिने माझ्यासाठी दुखणं गिळलं आणि पोरीने हिच्यासाठी. आणि मी दोघींच्या मधे बसून पुड्या बांधत होतो. 

बुधवार, २६

दुपारी साडेतीनला बापू गेला. तिच्या मांडीवर. सकाळी कोथिंबिरीचं एक देठ चावलं होतं, आम्हाला दोघांना केवढी आशा वाटली. नंतर पोट फुगलं. डॉक्टरीणबाई स्वतः घरी येऊन गेल्या, दुखणं थांबवायची सुई दिली, आणि जाताना लेकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता त्याला दुखत नाहीये. एवढं मी बघितलंय."

शिलाईबाईंनी बापूला गुंडाळायला आपल्याकडच्या कापडाचा मऊ तुकडा कापून आणला. इमारतीच्या मागे बागेत खड्डा खणला. खणताना मला दम लागला, तेव्हा लेकीने माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं. हिचं शेवटचं जे काही उरलं होतं ते माझ्या हातून गेलं. याला दुसरं नाव नाही.

शनिवार, २९

मला वाटलं होतं, ती गुरुवारीच जाईल. गेली नाही. आज सकाळी फरशीवर वर्तमानपत्र पसरलं, फ्रिजचं दार, भिंतीतलं कपाट, माझ्या पलंगाखालची पेटी, सगळं रिकामं केलं आणि बाटल्या ओळीने मांडल्या. एकूण त्रेचाळीस. प्रत्येकीवर माझी पट्टी, माझ्या खाचा.

एकेक उचलून ती विचारत होती. "हे काय?"

"खोकल्याचं."

"नाव?"

"ठाऊक नाही."

"हे?"

"अंगाला लावायचं. असावं."

"नाव?"

"ठाऊक नाही."

त्रेचाळीस वेळा म्हणालो मी ठाऊक नाही. अडतीस वर्षांत एवढ्या वेळा म्हणालो नसेन. पहिली दहा-बारा फार जड गेली, नंतर जीभ सैल झाली. तिने सगळ्या एका पोत्यात भरल्या. मग तिचं लक्ष माझ्या शर्टाच्या खिशाकडे गेलं. हात घालून तिने पुडी काढली.

"ही कुणाची?"

"माझी. छातीत जरा जळजळतं."

"किती दिवस?"

"काही नाही ग," हे अगदी ओठांवर आलं होतं. माझ्या कमरेचा पट्टा तिने बघितला. तीन भोकं आत गेलाय. माझ्या ताटातली अर्धी भाकरीही काल तिने बघितलेली होती. काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. हीसुद्धा अशीच बघायची, आणि मला वाटायचं की काही म्हणायचं नाहीये.

"सहा महिने," मी म्हणालो. "दुखतं. घास उतरत नाही. रोज दुखतं."

ती उठली. पुडी पोत्यात टाकली, दारातून माझ्या चपला आणल्या आणि जोडीने लावून माझ्या पायांपुढे ठेवल्या. "उठा, बाबा."

गाडी बघायला खाली गेली आहे. तेवढ्यात हे लिहिलं. वही बरोबर घेतोय. डॉक्टर विचारतील तेव्हा सगळं खरं सांगायचं आहे.